डॉक्टरसाहेब, एवढं मेडिकल करून द्या!

रात्रीचे अकरा वाजलेले. पेणच्या म्हणा, रोह्याच्या म्हणा, सरकारी रुग्णालयाच्या दारात पोलिसांची गाडी थांबते. दोन शिपाई एका माणसाला आत आणतात. ‘‘डॉक्टरसाहेब, एवढं मेडिकल करून द्या. उद्या कोर्टात हजर करायचाय,’’ हवालदार म्हणतात. डॉक्टर जेमतेम तिशीचे. बाहेर तापाने फणफणलेली पोरे खोळंबलेली. ‘अंगावर जखमा नाहीत’ असे लिहून सही ठोकली की काम झाले! पण त्या माणसाला सदरा काढायला सांगितला तर?

वाचकहो, हे चित्र कल्पनेतले खरे. पण कोणत्याही तालुक्याच्या गावी ते उद्या प्रत्यक्षात उतरू शकेल. चौकशीच्या कामात वैद्याने कोणाचे व्हायचे, सरकारचे की समोरच्या माणसाचे, हा जगभर गाजलेला प्रश्न त्या सदऱ्याखालीच दडलेला आहे.

अमेरिकेने २००२ साली ग्वांतानामो येथे लष्करी बंदिशाळा उघडली. कैद्यांना बोलते कसे करावे, याचा सल्ला देण्यास तेथे मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ नेमले गेले. मनातले भय घालवणे ही ज्यांची विद्या, त्यांनीच ते वाढवण्याच्या कामी यावे! अखेर २०१५ साली तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने सभासदांना अशा चौकशीत भाग घेण्यास मनाई केली. जागतिक वैद्यक संघटनेने तर १९७५ सालीच टोकियो येथे बजावले होते, की डॉक्टरने छळात भाग घेऊ नये, त्यासाठी जागा, साधने वा ज्ञान पुरवू नये, तेथे हजरही राहू नये.

परक्यांना नावे ठेवणे सोपे असते. तेलगी मुद्रांक घोटाळ्याच्या वेळी ‘नार्को चाचणी’ हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. भूल देण्याचे पेंटोथाल शिरेतून टोचायचे आणि माणूस गुंगीत असताना त्याला प्रश्न विचारायचे! २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचणीला मुभा दिली. दूरचित्रवाणीपुढे बसून आपणही म्हणालो असू, ‘‘द्या एकदा सुई, बोलेल पोपटासारखा!’’ मुंबईतील डॉ. अमर जेसानी यांच्यासारख्या थोड्या डॉक्टरांनी मात्र विरोध केला. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला, की संमतीवाचून अशी चाचणी घेता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘‘१९९३ साली आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला, स्फोटके उतरली. मुंबईत २५७ माणसे मेली. तेथे कसली आली नीती?’’ आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण पोलिसांना तपास करू नका, असे कोण म्हणतो? गुंगीतला माणूस खरे बोलतो तसे भलतेही बरळतो. शिवाय डॉक्टर शेजारी उभा असला, की मारणाऱ्याला धीर येतो: ‘अजून सोसेल, डॉक्टर आहेत ना!’ अशा वेळी नाडी पाहणारा हातही छळाचे साधन होतो.

कायदा डॉक्टरला दुबळा ठेवत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५३ व्या कलमानुसार अटकेनंतर वैद्यकीय तपासणी करावीच लागते. जखमा, मारहाणीच्या खुणा आणि त्या साधारण केव्हाच्या, हे नोंदवावे लागते आणि अहवालाची प्रत अटक झालेल्या माणसाला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला द्यावी लागते. म्हणजे तो कागद हा त्या माणसाचा एकमेव साक्षीदारही ठरू शकतो.

रोह्याला चिंतामणराव देशमुखांचा अभिमान आहे. जन्मभर सरकारी चाकरी केलेल्या या गृहस्थांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले. तुमच्या-आमच्या घरची मुले डॉक्टर होऊन उद्या सरकारी दवाखान्यांत जातील. त्यांना एवढा त्याग करावा लागणार नाही. शेजारी हवालदार उभे असताना ‘‘सदरा काढा’’ एवढेच म्हणावे लागेल, आणि जे दिसेल ते लिहावे लागेल.