वाटून घेतलेली दवंडी

नेमबाजीच्या शिबिराला शिकवणारा, गोळीबारासाठी सुरक्षित मैदान आणि शिकणारा अशा तीन गोष्टी लागतात. त्यांपैकी पहिल्या दोन परिश्रमाने जमवता येतात. तिसरी मात्र अमुक दिवशी अमुक ठिकाणी शिबिर आहे ही बातमी योग्य माणसाला वेळेत कळली तरच जमते. ज्या उपक्रमाचा भार प्रामुख्याने बिनपगारी स्वयंसेवकांवर असतो, त्याला जाहिरातीसाठी मोठा निधी उभा करता येत नाही आणि म्हणून दवंडी पिटण्याचे काम अनेकांनी वाटून घेणे ही त्याची गरजच बनते. हे काम कसे वाटावे आणि वाटताना ते कोठे बिघडते, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील ‘प्रोजेक्ट ॲपलसीड’ हे चांगले उदाहरण आहे.

‘रिव्होल्युशनरी वॉर व्हेटरन्स असोसिएशन’ ही ना-नफा तत्त्वावरील संस्था या शतकाच्या पहिल्या दशकापासून हा उपक्रम चालवते. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांच्या शिबिरात उभे राहून, बसून किंवा गुडघा टेकून आणि पालथे पडून रायफल कशी चालवावी हे शिकवले जाते. शिकाऊंपैकी बरेच जण ‘पॉइंट टू टू’ या नावाने आपल्याकडील एन.सी.सी.च्या छात्रांनाही परिचित असलेली हलकी रायफल वापरतात. लक्ष्य २५ मीटरांवर असते; परंतु कागदावरील आकृत्या लहान करत नेल्याने १०० ते ४०० यार्डांवरील लक्ष्यांचा आभास निर्माण होतो. अखेरच्या चाचणीत ४० गोळ्या झाडायच्या असतात आणि २५० पैकी २१० गुण मिळवणाऱ्यास ‘रायफलमन’ हे बिरुद मिळते. श्वास रोखण्याचा क्षण, खटका हळुवार दाबण्याची रीत आणि शरीराची नैसर्गिक ठेवण नेमाच्या रेषेत आणणे या मूलभूत गोष्टींवर शिकवण्याचा भर असतो.

अशा शिबिराची प्रसिद्धी मुख्यतः स्थानिकच असावी लागते, कारण रायफल, काडतुसे, चटई आणि दोन दिवसांचे सामान गाडीत घालून येणारा शिकाऊ बहुधा काही तासांच्या अंतरावरचाच असतो. देशभर पसरणाऱ्या जाहिरातीचा बराचसा भाग त्यामुळे वाया जातो, तर गावातील शस्त्रविक्रीच्या दुकानात गल्ल्याजवळ ठेवलेले हस्तपत्रक नेमक्या माणसाच्या हाती पडते. नेमबाजी मंडळांचे सूचनाफलक, सार्वजनिक ग्रंथालये, शिकारीचे साहित्य विकणारी दुकाने, स्थानिक वृत्तपत्रांतील ‘आगामी कार्यक्रम’ हे सदर, ना-नफा संस्थांच्या सूचना विनामूल्य प्रसारित करणारी नभोवाणी केंद्रे आणि शस्त्रांचे विक्रीमेळावे ही या बातमीची स्वाभाविक ठिकाणे होत. यांपैकी एकेका ठिकाणाचे काम किरकोळ असते; सर्व ठिकाणे मिळून मात्र ते एका माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. शिवाय जो शिक्षक शिबिरात दोन दिवस उन्हात उभा राहून शिकवतो, त्यालाच आदल्या महिन्यात पन्नास दुकाने पालथी घालायला लावले, तर शिकवण्याचा उत्साह त्यातच संपतो.

काम वाटण्याचा सर्वांत सोपा मार्ग भूगोलाचा आहे. जो स्वयंसेवक ज्या रस्त्याने रोज कामावर जातो, त्या रस्त्यावरची दुकाने त्याच्याकडे सोपवली की वेगळा फेरा पडत नाही. दुसरा मार्ग कौशल्याचा असून, त्यात मजकूर लिहिणे, पत्रक छापून घेणे, वृत्तपत्राशी पत्रव्यवहार करणे आणि मेळाव्यात टेबल मांडून अनोळखी माणसांशी बोलणे ही निरनिराळ्या स्वभावांची कामे निरनिराळ्या माणसांना दिली जातात. ज्याला चार लोकांत बोलण्याचा संकोच वाटतो, तोही पत्रके मोजून पाकिटांत भरू शकतो. नुकतेच शिबिर करून गेलेला शिकाऊ या कामी विशेष उपयोगी ठरतो, कारण त्याच्या शब्दांत नवख्याची भीती आणि ती ओसरल्याचा अनुभव दोन्ही ताजे असतात.

मात्र वाटलेल्या कामाला विस्कळीतपणाचा धोका असतो. मराठीत ‘बारभाई कारभार’ हा शब्दप्रयोग ज्या गोंधळासाठी वापरला जातो, तो येथेही सहज उद्भवतो: एकाच दुकानात तिघे जण पत्रके ठेवून येतात, शेजारच्या गावात कोणीच जात नाही आणि सहा महिन्यांपूर्वीच्या शिबिराचे भित्तिपत्रक फलकावर तसेच लोंबत राहते. जुने पत्रक तर पत्रक नसण्याहूनही घातक असते, कारण ते पाहणाऱ्याला उपक्रम बंद पडल्यासारखा वाटतो. यावरचा उपाय एका साध्या नोंदवहीत आहे: ठिकाण, जबाबदार व्यक्ती, पत्रक लावल्याची तारीख आणि ते काढण्याची तारीख एवढ्या चार रकान्यांनी कोणाचेच नसलेले काम कोणाचे तरी होते. ही वही सांभाळणाऱ्याने स्वतः एकही पत्रक लावले नाही, तरी त्याच्यावाचून बाकीच्यांचे श्रम जुळून येत नाहीत.

मजकुराची जबाबदारीही वेगळी असते. तारीख, जागा, शुल्क, सोबत आणायचे साहित्य आणि संपर्क हे तपशील सर्व पत्रकांवर सारखे असणे आवश्यक आहे. अमेरिकेत शस्त्राचा विषय राजकीय वादाचा असल्याने चालू राजकारण शिबिरापासून दूर ठेवण्याचा दंडक हा उपक्रम पाळतो. प्रसिद्धी करणाऱ्या एखाद्याने दुकानात उभे राहून वाद घातला, तर त्याचा शब्द साऱ्या संस्थेचा मानला जातो. काम वाटता येते, पण विश्वासाला गेलेला तडा वाटून घेता येत नाही.

या शिबिरांत नेमबाजीबरोबर १९ एप्रिल १७७५ या दिवसाचा इतिहासही सांगितला जातो. त्या दिवशी मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्ड येथे ब्रिटिश सैन्य व स्थानिक नागरिकसेना यांच्यात चकमकी झडल्या आणि अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले. आदल्या रात्री ब्रिटिश सैन्य येत असल्याची बातमी देण्यासाठी डॉ. जोसेफ वॉरेन यांनी बॉस्टनहून पॉल रिव्हिअर आणि विल्यम डॉज या दोघांना दोन वेगळ्या मार्गांनी पाठवले. पुढे सॅम्युएल प्रेस्कॉट त्यांना येऊन मिळाला. लोकस्मृतीत रिव्हिअर एकटाच उरला असला, तरी प्रत्यक्षात तो कॉन्कॉर्डच्या वाटेवर ब्रिटिश गस्तीच्या हाती सापडला, डॉजलाही माघारी फिरावे लागले आणि कॉन्कॉर्डपर्यंत बातमी नेली ती प्रेस्कॉटने. इतिहासकार डेव्हिड हॅकेट फिशर यांनी १९९४ च्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, त्या रात्रीचे यश एका घोडेस्वाराचे नसून गावोगावचे स्वार, घंटा, नगारे आणि इशाऱ्याच्या बंदुका यांच्या आधीच ठरलेल्या साखळीचे होते.

प्रसिद्धीचे काम वाटून घेणारे स्वयंसेवक तीच साखळी कमी जोखमीच्या प्रसंगी बांधत असतात. श्रम हलके होणे हा कामाच्या वाटणीचा उघड लाभ होय. परंतु एखादा दुवा आजारी पडला, बदलीवर गेला किंवा विसरला तरी बातमी अडत नाही, हा तिचा अधिक महत्त्वाचा लाभ आहे. रिव्हिअर पकडला गेला तेव्हा निरोप केवळ त्याच्या एकट्याजवळ नव्हता, म्हणूनच कॉन्कॉर्ड वेळेत जागे झाले.