हट्ट नव्हे, कैफियत

ज्या घरात बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा, बहीण अथवा दीर लहानाचा मोठा झाला आहे आणि ज्या घराने त्याचे चावणे, डोके आपटणे, वस्तूंची फेकाफेक हे सारे वर्षानुवर्षे अंगावर झेलले आहे, त्या घरातील माणसांच्या वाट्याला साह्यापेक्षा अभिप्रायच अधिक येतात. आणि त्यांतला सर्वांत क्रूर अभिप्राय हा की, आईने लाडावून ठेवल्यामुळेच तो असा वागतो.

वस्तुस्थिती अशी आहे की, या वर्तनाला बहुधा कारण असते व ते शोधता येते. ज्याला शब्द अपुरे पडतात, त्याला हात चावणे ही आपली कैफियत मांडण्याची खात्रीची रीत वाटू लागते. कुकरच्या शिट्टीने जीव कासावीस झाला, त्याने मनगट चावले आणि घरच्यांनी घाबरून गॅस बंद केला, की ही रीत उपयोगी पडते हे त्याला अनुभवाने कळते. त्यात कावा नसतो, द्वेष तर नसतोच. एडवर्ड कार व मार्क ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा मुलांना मदत किंवा लक्ष मागण्याचे साधे वाक्य शिकवल्यावर त्यांचे त्रासदायक वर्तन पुष्कळ ओसरल्याचे दाखवून दिले.

याच कारणास्तव जाणते विशेष शिक्षक पालकांना एक वही ठेवावयास सांगतात: आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर आपण काय केले. आमच्या परिचयाच्या एका घरी तरुण मुलगा स्वतःला थपडा मारून घेई, व त्याला हट्ट समजून सर्वांनी दुर्लक्ष चालवले होते; परंतु वहीतल्या नोंदींत ‘जेवणानंतर’ आणि ‘डावा गाल’ हे शब्द पुनःपुन्हा येऊ लागले, तेव्हा त्याला दंतवैद्याकडे नेले आणि किडलेली दाढ सापडली. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठ, पित्ताची जळजळ यांची शहानिशा झाल्याखेरीज कोणाच्याही वर्तनाला ‘त्याच्या मंदपणाचा भाग’ म्हणून निकालात काढणे, हा माझ्या मते अन्याय आहे.

मनोविकारावरील गोळ्यांनी तो शांत होईल, ही समजूतही तितकीच खोलवर रुजलेली आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बौद्धिक अक्षमता असलेल्या ८६ आक्रमक प्रौढांपैकी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल व काहींना औषधद्रव्य नसलेली गोळी दिली होती, आक्रमकता तिन्ही गटांत घटली आणि खरी औषधे त्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. अर्थात यावरून चालू औषध परस्पर बंद करणे धोक्याचे आहे, विशेषतः मिरगी असल्यास. तो निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा. बौद्धिक अक्षमता म्हणजे वेड नव्हे, हे तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेच तिला मानसिक आजाराच्या व्याख्येतून वगळून स्पष्ट केले आहे. दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात, एवढेच.

सांभाळणाऱ्याने थकू नये, ही अपेक्षाही गैरसमजातच जमा धरावी. रात्र रात्र जागणाऱ्या आईने चार दिवस कोणाच्या हाती मूल सोपवले, तर तिची माया आटली असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मूल अठरा वर्षांचे झाल्यावरही आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहतात, असे पुष्कळ सुशिक्षित कुटुंबे धरून चालतात, व बँकेच्या खिडकीपाशी गाडे अडल्यावरच जागी होतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार सज्ञान व्यक्तीच्या पालकत्वासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. या समितीवर जिल्हाधिकारी असतात. अर्ज आईवडील किंवा नातेवाईक करू शकतात, आणि नेमलेल्या पालकाने त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सहा महिन्यांच्या आत सादर करून पुढे दरसाल हिशेब द्यावयाचा असतो. हा अर्ज आईवडील धडधाकट असतानाच करून ठेवावा, आणि पुढे ही जबाबदारी कोणी घ्यावयाची, याची बोलणी पाठच्या भावंडांशी तेव्हाच मोकळेपणाने करावीत.