ऑपरेटिंग सिस्टीममधील मोठ्या पानांचे व्यवस्थापन : एक परिचय

प्रस्तावना :
संगणकातील मेमरी वाढवली की त्याचा वेग वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मेमरी किती आहे, याइतकेच तिची नोंद कशी ठेवली जाते हेही महत्त्वाचे असते. हे काम ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, करतो. महाविद्यालयात 'पेजिंग' शिकवताना बहुधा एकाच आकाराच्या पानांचा विचार होतो. प्रस्तुत लेखात मोठ्या पानांची गरज, लाभ व मर्यादा यांचा परिचय करून दिला आहे.

पान आणि नोंद :
सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात कापडावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्या आहेत. तेथील विद्यार्थ्यांना हा विषय कापडाच्या उदाहरणाने सहज समजेल. गोदामातील प्रत्येक ताक्याची वेगळी नोंद केली तर वही जाड होते व शोधाला वेळ लागतो. अनेक ताक्यांचा एक गठ्ठा बांधून गठ्ठ्याची एकच नोंद केली, तर वही आटोपशीर राहते.

मेमरीचेही असेच आहे. प्रचलित इंटेल व ए.एम.डी. प्रोसेसरांवर नेहमीचे पान 4 के.बी.चे असते. 1 जी.बी. मेमरीसाठी अशी 2,62,144 पाने लागतात. प्रत्येक नोंद 8 बाइटची धरल्यास केवळ शेवटच्या पातळीच्या नोंदींनाच 2 एम.बी. जागा लागते. हीच मेमरी 2 एम.बी.च्या पानांत मांडल्यास 512 नोंदी, म्हणजे फक्त 4 के.बी. जागा पुरते.

वेगाचा प्रश्न :
प्रोसेसर अलीकडे वापरलेल्या नोंदी टी.एल.बी. नावाच्या छोट्या साठ्यात ठेवतो. समजा त्यात 64 नोंदी मावतात. लहान पानांच्या बाबतीत त्या 256 के.बी. मेमरी व्यापतात, तर 2 एम.बी.च्या पानांच्या बाबतीत 128 एम.बी. हवी ती नोंद तेथे न सापडल्यास चार पातळ्यांचे तक्ते धुंडाळावे लागतात. मोठ्या पानासाठी त्यातील एक पातळी कमी होते.

मर्यादा :
(1) मोठ्या पानासाठी सलग मोकळी जागा लागते. बराच काळ चाललेल्या संगणकात मोकळी जागा तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली असते. ती एकत्र आणण्यास कर्नलला पाने हलवावी लागतात व त्यात वेळ जातो.
(2) जागा वाया जाते. एखाद्या प्रोग्रामने दूरदूरच्या 1,000 ठिकाणी थोडी थोडी माहिती लिहिली, तर लहान पानांत सुमारे 4 एम.बी. लागेल, मोठ्या पानांत हीच गरज 2 जी.बी.च्या घरात जाऊ शकते.
(3) नवे पान देण्यापूर्वी ते शून्याने भरावे लागते. 2 एम.बी.च्या पानासाठी हे काम 512 पट असते.

लिनक्समधील पद्धती :
लिनक्समध्ये दोन मार्ग आहेत. पहिल्यात व्यवस्थापक मोठी पाने आधीच राखून ठेवतो. ती सोय वापरायची की नाही हे प्रोग्रामने ठरवायचे असते. दुसरी पद्धत अँड्रिया आर्केंजेली यांनी विकसित केली व ती 2011 मध्ये 2.6.38 या आवृत्तीत आली. तिच्यात कर्नल आपणहून मोठी पाने देतो. ही सोय नेहमी चालू, मागितल्यासच चालू किंवा बंद, अशा तीन प्रकारे ठेवता येते. 2024 मधील 6.8 आवृत्तीपासून 4 के.बी. व 2 एम.बी. यांच्या दरम्यानचे आकारही उपलब्ध झाले.

मोंगोडीबी या डेटाबेसचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांसाठी ही सोय बंद ठेवण्याचा सल्ला दिला जाई. 2024 मधील 8.0 आवृत्तीत मेमरी वाटपाची पद्धत बदलली आणि सल्ला नेमका उलटा झाला. सोय तीच होती. वापराची रीत बदलली होती.

भारतीय संशोधन :
बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था व आय.आय.टी. दिल्ली येथील आशिष पनवार, सोरव बन्सल व के. गोपीनाथ यांनी 2019 मध्ये 'हॉकआय' ही पद्धत मांडली. पाने फावल्या वेळात आधीच शून्याने भरून ठेवणे, मोठ्या पानांतील न वापरलेली जागा परत मिळवणे आणि ज्या भागाला खरा लाभ होईल त्यालाच मोठे पान देणे, ही तिची मुख्य सूत्रे आहेत.

समारोप :
मोठे पान म्हणजे हमखास वेग, असे विद्यार्थ्यांना सांगणे अपुरे ठरेल. लाभ व हानी दोन्ही प्रोग्रामच्या वापरावर अवलंबून असतात. प्रयोगशाळेत लिनक्स असल्यास एकच प्रोग्राम ही सोय चालू व बंद ठेवून चालवावा आणि लागलेला वेळ व मेमरी यांची तुलना विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. अशा प्रयोगातून निर्णयामागील कारण शोधण्याची सवय लागते, आणि ती पुढे कोणत्याही प्रणालीवर उपयोगी पडते.