दाबाचे माप आणि मुलाचे शरीर

मुलाच्या शरीरावरील मोठी, खोल जखम टाके घालून मिटवता येण्याजोगी नसते, तेव्हा ती आतून भरून यावी म्हणून तिच्यावर सतत सौम्य ओढ ठेवणाऱ्या पद्धतीला ऋण दाब उपचार म्हणतात. रुग्णालयात मात्र तिला ‘व्हॅक’ याच नावाने ओळखतात. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यासारख्या शेतीप्रधान भागात अशा जखमांची कारणे रोजच्या जगण्यातच असतात : वाहनाच्या चाकाखाली सोलून निघालेली पायाची कातडी, मळणी यंत्रात सापडलेला हात, उकळत्या पाण्याने भाजलेले अंग किंवा नाग चावल्यावर सडलेले मांस. प्रतिविष वेळेवर मिळाल्यास सर्पदंशाच्या रुग्णाचे प्राण वाचतात, परंतु दंशाच्या जागी मेलेले मांस त्याने पुन्हा जिवंत होत नाही, म्हणून प्राणावरचे संकट टळले तरी जखमेचा प्रश्न उरतोच.

या उपचारात शल्यचिकित्सक आधी मृत मांस काढून जखम स्वच्छ करतात, तिच्या आकाराचा निर्जंतुक, सच्छिद्र स्पंज कापून आत बसवतात, वरून पारदर्शक चिकट पडदा लावून कडा हवाबंद करतात आणि पडद्याला जोडलेली नळी एका छोट्या पंपाला जोडतात. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला पाऱ्याच्या 760 मिलिमीटर स्तंभाइतका असतो. प्रौढांच्या जखमेवर पंप त्याहून साधारण 125 मिलिमीटर कमी दाब राखतो. त्यामुळे साचलेला स्राव नळीवाटे डब्यात जातो, सूज ओसरते, कडा जवळ येतात आणि स्पंजाच्या छिद्रांशी ताणल्या गेलेल्या पेशींना विभाजनाची चालना मिळते. काही दिवसांत तळाशी लालसर, दाणेदार नवे मांस उगवते, ज्याला ग्रॅन्युलेशन म्हणतात. ते सकस दिसू लागले की त्यावर त्वचारोपण करता येते किंवा जखम टाक्यांनी बंद करता येते.

1993 मध्ये जर्मनीत फ्लाइशमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्या अस्थिभंगाच्या 15 रुग्णांवर स्पंज आणि ऋण दाब वापरल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे 1997 मध्ये अमेरिकेतील मायकेल मॉरिक्वास आणि लुई अर्जेंटा यांनी डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले की 125 मिलिमीटर ऋण दाबाला जखमेभोवतीचा रक्तप्रवाह चौपट होतो, तर 400 मिलिमीटर आणि त्यापुढे तो रोखला जातो; त्यांच्या रुग्णांच्या 300 जखमांच्या मालिकेत 296 जखमांनी उपचाराला अनुकूल प्रतिसाद दिला. म्हणजेच ओढ जितकी अधिक तितका गुण अधिक, असे येथे नाही, आणि मुलांच्या बाबतीत तर सारा उपचारच या मापावर उभा आहे.

मुलाची त्वचा पातळ असते, रक्तवाहिन्या नाजूक असतात आणि शरीरातील द्रवाचा साठा थोडा असतो. म्हणून तान्ह्या बाळांसाठी सामान्यतः 50 ते 75 मिलिमीटर इतकाच ऋण दाब ठेवतात आणि वयानुसार तो वाढवतात. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात जेमतेम 800 मिलिलिटर रक्त असते, तर स्राव साठवणारा डबा 300 किंवा 500 मिलिलिटरचा असतो. तेव्हा डब्यात अचानक लाल रक्त दिसू लागले तर तो भरण्याची वाट न पाहता पंप तत्काळ थांबवून रक्तस्राव रोखावा लागतो. मुलांत नवे मांस वेगाने वाढून स्पंजाच्या छिद्रांत शिरते, त्यामुळे प्रौढांत 48 ते 72 तासांनी होणारा स्पंजबदल लहान मुलांत अनेकदा लवकर करावा लागतो, आणि तो वेदनादायी असल्याने पुरेशी वेदनाशामके, प्रसंगी भूल, आवश्यक ठरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये नवजात बालके, तान्ही मुले आणि मोठी मुले यांच्यात या यंत्राची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही, असा स्पष्ट इशारा दिला. उघड्या रक्तवाहिनीवर किंवा मृत मांस शिल्लक असलेल्या जखमेवर स्पंज ठेवू नये, हा नियम सर्वच वयांना लागू आहे.

औशाहून लातूर सुमारे 20 किलोमीटरवर असल्याने गंभीर जखमेच्या मुलाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या केंद्रात नेणे शक्य असते. खरी कसोटी त्यानंतरच्या आठवड्यांची असते. पंप दिवसात दोन तासांपेक्षा अधिक बंद राहिला, तर ओल्या स्पंजाखाली जंतू वाढू नयेत म्हणून तो काढून साधी पट्टी बांधावी लागते, आणि वीज वारंवार जाणाऱ्या भागात हा नियम पाळण्यासाठी चार्ज केलेली बॅटरी व जागरूक परिचारिका दोन्ही हव्यात. भारतातील अनेक रुग्णालये महागड्या यंत्राऐवजी भिंतीवरील सक्शन आणि निर्जंतुक केलेला स्पंज वापरून हाच उपचार स्वस्तात देतात. पण दाब मोजण्याची आणि स्राव पाहण्याची शिस्त स्वस्त साधनाबरोबर सैल होता कामा नये. मुलाच्या आहारातील प्रथिने, वेदनेवरील उपचार, बरे होताना सांधा आखडू नये म्हणून व्यायाम आणि दर काही तासांनी डब्यावर नजर ठेवणारे माणूस, या सर्वांची सोय झाली तरच पंपाची किंमत वसूल होते. म्हणून तालुक्याच्या रुग्णालयांना या उपचारासाठी सज्ज करताना यंत्राच्या खरेदीइतकाच पैसा आणि वेळ परिचारिकांच्या प्रशिक्षणावर खर्च होणे, हीच येथील मुलांची खरी गरज आहे.