खोटे उल्कापाषाण



काळा, जड दगड हातीं देऊन कोणी म्हणाला, "हा आकाशांतून पडला," आणि त्यास लोहचुंबक चिकटलाही, तर आपण काय मानावें? चुंबकाची परीक्षा बहुधा पहिली म्हणून सांगतात. परंतु महाराष्ट्रांत तीच आधीं फसविते. आपला सह्याद्रि ज्या बेसॉल्टचा झाला आहे, त्यांत मॅग्नेटाइट हें लोहखनिज असतें. नवी मुंबईच्या पाठीशीं असलेला पारसिकचा डोंगर याच पाषाणाचा. दोऱ्यास टांगलेला चुंबक त्याच्या तुकड्याकडेही ओढला जाऊं शकतो. भट्टींतून निघालेलें धातूचें कीट तर अधिकच फसवें. तें काळें व वितळलेलें दिसतें आणि पुष्कळदां चुंबकासही लागतें.

मग पारख कशी करावी? ताज्या उल्कापाषाणावर, वातावरणांतून येतांना वितळून झालेली, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची काळी साल असते. आंतला गाभा बहुधा फिका असून त्यांत धातूचे चकाकते कण दिसतात. बुडबुड्यांचीं छिद्रें मात्र सहसा नसतात. तीं दिसलीं तर दगड लाव्ह्याचा अगर भट्टीचा असावा, असें समजावें. झिलई नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासून लालसर रेघ उमटली, तर तें हेमॅटाइट असण्याचा संभव अधिक. शेवटचा निकाल प्रयोगशाळेचा. कारण उल्केंतील लोखंडांत निकेल असतेंच.

जाणते संग्राहक खोट्या दगडांकडे दोन दृष्टींनीं पाहतात. अजाणतां उचलून आणलेल्या दगडाचा ते राग करीत नाहींत; उलट असे कांहीं दगड जवळ ठेवून नवशिक्यास भेद दाखवितात. जाणूनबुजून केलेल्या लबाडीस मात्र क्षमा नाहीं. १८६४ सालीं फ्रान्सांत ओर्गेय येथें उल्कापाषाण पडले. त्यांतील एका तुकड्यांत वनस्पतीचें बीं आढळलें. परंतु तें कोणीतरी कोळसा व सरस यांच्या साहाय्यानें आंत बसविलें होतें, हें १९६४ सालीं उघडकीस आलें. दगड खरा, त्यांतील साक्ष खोटी! अशा लबाडीनें विकत घेणाऱ्याचा पैसा तर जातोच, पण शास्त्राची नोंदही बिघडते.

म्हणून संग्राहक दगडाइतकीच त्याची हकीकत तपासतो: तो कोठें, केव्हां, कोणास मिळाला? २२ मे २०१२ रोजीं नागपूर जिल्ह्यांतील काटोल येथें भर दिवसां उल्कापाषाण पडले. लोकांनीं पाहिलें, तज्ज्ञांनीं तुकडे गोळा करून तपासले. याच्या उलट बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें विवर पहा. तें सुमारें १.८ किलोमीटर रुंद असून उल्काघातानेंच झालें आहे. पण ती उल्का आघातांत बहुतेक नष्ट झाली व तिचा ओळखूं येईल असा तुकडा संशोधकांस मिळालेला नाहीं. तेव्हां "लोणारची उल्का" म्हणून कोणी दगड विकूं लागला, तर चुंबक काढण्यापूर्वींच सावध व्हावें.

आपणांस असा दगड सांपडल्यास तो धुवूं नये, फोडूं नये. जागा व तारीख लिहून, छायाचित्र घेऊन, तो जवळच्या महाविद्यालयांतील भूशास्त्र विभागास अगर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कचेरींत दाखवावा. तो उल्का नव्हे असें ठरलें, तरी खेद मानूं नये. आपल्याच डोंगराची ओळख त्यायोगें होईल.