पितळखोऱ्याची दरी आणि गोदाकाठचे दायक

लेणी पाहावयास जाण्याची आपल्या समाजात आता मोठी आवड निर्माण झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि पुष्कळदा आपण लेण्यात जातो, वंदना घेतो, छायाचित्र काढतो आणि परत फिरतो. समोरच्या दगडाने काय सांगितले हे ऐकावयाचे राहून जाते. गेल्या हिवाळ्यात अंबड तालुक्यातील वडीगोद्री येथील काही उपासक-उपासिकांसमवेत आम्ही वेरूळ आणि पितळखोरे येथे गेलो होतो. त्या वेळी वाटेत जी चर्चा झाली तिच्या आधारे, एकाच डोंगररांगेतील बौद्ध व हिंदू अवशेष कसे पाहावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वडीगोद्री हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर वसले आहे. दक्षिणेस शहागडला गोदावरी लागते. उत्तरेस हाच रस्ता पाचोड, आडूळ, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), दौलताबाद, वेरूळ, कन्नड असा जात औट्रम घाट उतरून चाळीसगावला पोहोचतो. गोदावरीच्या काठाने वर गेल्यास पैठण, म्हणजेच पालि साहित्यातील पतिट्ठान. हा भूगोल आरंभीच सांगण्यास कारण आहे. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात बावरी नावाच्या ब्राह्मण आचार्याची कथा आली आहे. तो कोसलातून दक्षिणापथात येऊन अस्सक जनपदात गोदावरीच्या तीरावर राहिला होता. आपल्या सोळा शिष्यांना त्याने तथागतांकडे पाठविले. त्यांच्या प्रवासातील पहिला टप्पा पतिट्ठान. पुढे माहिस्सती, उज्जेनी, वेदिस, कोसंबी, साकेत, सावत्थी असा मार्ग सांगितला आहे. पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्याला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर कोठे तरी ओलांडावेच लागतात. पितळखोरे हे अशाच एका डोंगरवाटेच्या तोंडाशी आहे. आपला डांबरी महामार्ग नवा असला तरी त्याची दिशा फार जुनी आहे.

दौलताबादचा किल्ला दिसू लागला तेव्हा गाडीत बोलणे थांबले. १९३४ साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी निघाले असता या किल्ल्याशी थांबले होते. प्रवासाची धूळ अंगावर होती. दरवाजाबाहेरच्या हौदात काहींनी हातपाय धुतले. त्याबरोबर अस्पृश्यांनी हौद बाटविला म्हणून जमाव धावून आला, आणि पुढे किल्ला पाहताना त्यांनी कोठे पाण्याला स्पर्श करू नये म्हणून बरोबर शस्त्रधारी शिपाई देण्यात आला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला असून 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत तो वाचावयास मिळतो. हौद बाटविल्याचा हा आरोप मुसलमान जमावाने केला होता, हे त्यांनी मुद्दाम नोंदविले आहे. अस्पृश्यता एका धर्मापुरती उरली नव्हती हे त्यांना दाखवावयाचे होते. ऐतिहासिक स्थळ पाहण्याचा अधिकार आपल्या लोकांना किती अलीकडे मिळाला, हे तिकिटाच्या रांगेत उभे राहिलेल्या आजच्या तरुणाला सांगितल्यावाचून कळत नाही. पुढे १९५० साली बाबासाहेबांनी याच परिसरातील शहरात महाविद्यालय काढले आणि नंतर त्यास भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या राजा मिलिंदाचे नाव दिले गेले. प्रश्न विचारण्याची ती रीत आपण लेण्यांतही न्यावी, असे आम्हांस वाटते.

वेरूळविषयी येथे थोडकेच लिहितो, कारण त्याची माहिती सर्वत्र मिळते. एकूण ३४ क्रमांकित लेणी. पैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. क्रमांक १६ चे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील, म्हणजे आठव्या शतकातील. गर्दी तेथेच असते. आमचे लक्ष मात्र दक्षिण टोकाकडील लेण्यांच्या जुन्या नावांकडे होते. एकोणिसाव्या शतकात बर्जेस यांनी या लेण्यांचे वर्णन केले तेव्हा स्थानिक लोक या बौद्ध समूहास 'ढेडवाडा' आणि क्रमांक ५ च्या लेण्यास 'महारवाडा' म्हणत असल्याची नोंद झाली आहे. क्रमांक ५ हे लांबच लांब दालन आहे. त्याच्या मध्यभागी दगडातच कोरलेली दोन बुटकी लांब बाकडी असून तेथे बसून भिक्खुसंघ पठण अथवा भोजन करीत असावा. अशा वास्तूला ते नाव का पडले असेल? पूर्वी आपल्यापैकी कित्येकांनी यातून एकदम निष्कर्ष काढला की महार हेच तेथील बौद्ध होते. नावावरून एवढे सिद्ध होत नाही. गावाच्या दक्षिणेला वा कडेला जे असते आणि ज्याच्याशी गावाचा धार्मिक व्यवहार उरलेला नसतो त्याला गावाने आपल्या परिचयातील कडेच्या वस्तीचे नाव दिले, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. परंतु हेही काही थोडे नव्हे. बौद्ध विहार आणि अस्पृश्यांची वस्ती या दोहोंना गावाच्या मनाने एकाच ठिकाणी ठेवले होते, याचा तो पुरावा आहे.

वेरूळहून कन्नडमार्गे पितळखोऱ्यास जाताना पठारावर काहीच दिसत नाही. शेते संपतात, गौताळा अभयारण्याचे झुडपी रान लागते आणि एकाएकी पायांखाली जमीन फाटल्यासारखी दरी उघडते. दगडी पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. ओढ्याच्या एका अंगास मुख्य चैत्य व विहार आहेत, समोरच्या अंगास लहान स्तूप असलेली लेणी आहेत. आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास झाला, म्हणजे वेरूळच्या बौद्ध लेण्यांच्या कित्येक शतके आधी. टॉलेमीच्या भूगोलातील 'पेत्रिगल' आणि 'महामायूरी' या बौद्ध ग्रंथातील 'पितंगल्य' ही नावे याच स्थळाची असल्याचे अभ्यासक मानतात.

भिक्खूंनी अशी अडचणीची जागा का निवडली, असा प्रश्न एका उपासिका ताईंनी केला. जागा अडचणीची नाही, हे त्याचे उत्तर. विनयपिटकात विहारासाठी गावापासून फार दूर नाही आणि फार जवळही नाही अशी जागा योग्य सांगितली आहे. भिक्षाटनास जाता यावे आणि ध्यानास एकांत मिळावा, असा त्यातील व्यवहार आहे. वर्षावासाचे तीन महिने संघाने एका ठिकाणी राहावयाचे. त्या काळात छप्पर पक्के हवे आणि पाणी हाताशी हवे. येथे दोन्ही आहे. शिवाय खालून व्यापारी तांड्यांची वाट जाते. तांडा थांबला की दान येते, धम्मदेशना होते.

चैत्यगृहाचा, म्हणजे क्रमांक ३ चा, दर्शनी भाग पूर्ण कोसळला आहे. डोंगराच्या खडकात मऊ थर असल्याने पाणी मुरून तो ढासळला. उरलेल्या अष्टकोनी खांबांवर पाचव्या शतकाच्या सुमारास रंगविलेल्या बुद्धप्रतिमांचे अवशेष दिसतात. मूळ कोरीव कामाच्या वेळी बुद्धांची मूर्ती करण्याची प्रथा नव्हती, स्तूप हेच वंदनस्थान होते. पुढील पिढ्यांनी त्याच खांबांवर तथागतांचे चित्र आणले. एकच लेणे दोन काळांत वापरले गेल्याचे हे उदाहरण मुलांना मुद्दाम दाखवावे.

परंतु आम्हांस सर्वाधिक थांबावेसे वाटले ते याच खांबांवरील ब्राह्मी अक्षरांपाशी. दोन खांबांवर दायकांची नावे आहेत. एक दान पतिठानच्या गंधिक कुळातील मितदेवाचे आणि दुसरे पतिठानच्याच संघकाच्या पुत्रांचे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. शेजारच्या क्रमांक ४ च्या विहारात राजवैद्य मगिल याचे, तसेच त्याचा पुत्र दतक व कन्या दता यांचे दान नोंदले आहे. मगिल हा स्वतःस 'वछिपुत' म्हणवितो, म्हणजे आईच्या कुळाने आपली ओळख सांगतो. मुलीचे नाव भावाच्या बरोबरीने दगडात कोरले आहे. हे ऐकून आमच्यासोबतच्या एक वयोवृद्ध आजी खांबाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हे आपल्या पैठणच्याच माणसांनी दिलं होय? मला वाटायचं, राजे लोकांनी केलं." आम्हांस वाटते, दोन तासांच्या व्याख्यानाचे काम त्या एका वाक्याने केले. गोदाकाठच्या अत्तरविक्याने, वैद्याने आणि त्याच्या मुलीने एवढ्या दूर येऊन खांब दिले. राजाश्रयाच्या गोष्टी सांगणारी पुस्तके या लोकांना विसरतात.

कारागीरही येथे नावानिशी भेटतो. एम. एन. देशपांडे यांनी गेल्या शतकाच्या पन्नाशीत केलेल्या साफसफाईत ढिगाऱ्याखालून अनेक शिल्पे निघाली. त्यांत एक बुटका, हसरा यक्ष असून त्याच्या हातावर तो कन्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे कोरले आहे. ही मूर्ती आता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोनाराने दगड घडवावा, ही गोष्ट विलक्षण वाटेल. पण सांचीच्या दक्षिण तोरणावरही विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी काम केल्याचा लेख आहे. विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग, दाराशी भाला-ढाल घेतलेले द्वारपाल आणि वर गजलक्ष्मी. गजलक्ष्मी पाहून सोबतच्या एका तरुणाने, हे लेणे मग हिंदूंचे की काय, अशी शंका काढली. यक्ष, नाग, श्री ही त्या काळच्या लोकांची समान दैवते होती. बौद्ध शिल्पात ती वंदनीयांच्या स्थानी नसून दारावर व पायाशी येतात. जवळच पाच फण्यांचा नाग कोरला असून त्याच्या फण्यांतून पाणी बाहेर पडावे अशी भोके पाडली आहेत. श्रद्धा आणि पाणीपुरवठा यांची अशी सांगड क्वचितच पाहावयास मिळते!

या दरीच्या खाली, खानदेशाच्या बाजूस, पाटण नावाच्या उजाड झालेल्या नगराची जागा आहे. तेथे पाटणादेवीचे यादवकालीन मंदिर व महादेवाचे देवालय आहे. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यास नेमणूक करून दिली, असा शके ११२८ च्या सुमाराचा तो लेख आहे. लेखाचा बराच भाग संस्कृत आहे. बाजारातील मालावरील कोणता कर मठाला द्यावयाचा हे सांगण्याची वेळ आली तेव्हा मात्र भाषा मराठी होते. पितळखोऱ्याचे दायक आरंभापासूनच प्राकृतात, म्हणजे आपल्या बोलीत, लिहीत होते, हे येथे आठवते. विद्येसाठी उभारलेला तो मठ आदरानेच पाहावा. त्या विद्येचे दार कोणासाठी उघडे होते हा प्रश्न मात्र मनात ठेवावा.

पाटणजवळ 'नागार्जुनाची कोठी' नावाचे एक लेणे आहे. नाव ऐकताच आमच्यातील काही मंडळी आचार्य नागार्जुनांच्या आठवणीने हात जोडून उभी राहिली. आत पाहावे तर मूर्ती जैन तीर्थंकरांच्या. आमच्या लेण्यांना 'पांडव लेणी' म्हटले की आपण रागावतो, आणि तो राग रास्त आहे. मग केवळ नावाच्या बळावर जैनांचे लेणे आपण आपले म्हणावे काय? वेरूळच्या क्रमांक १५ च्या लेण्याबाबत, ते मूळ बौद्ध विहार म्हणून आरंभिलेले असावे, असे काही अभ्यासक त्याच्या रचनेवरून मांडतात. रचनेवरून केलेला असा युक्तिवाद तपासता येतो. नावावरून केलेला दावा समोरच्याने फेटाळला की आपल्या हाती काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, असा विचार करून अखेर लिहीत आहोत. पितळखोऱ्यातील एका भिंतीवर निळ्या खडूने 'जय भीम' आणि खाली काही नावे लिहिलेली आढळली. ज्याने लिहिले त्याची भावना आम्हांस कळते. पण १९५८ च्या कायद्याने संरक्षित वास्तूवर लिहिणे गुन्हा आहे, आणि ब्राह्मी अक्षरांवर खडूचा हात फिरला तर दताचे नाव पुढच्या मुलीला वाचता येणार नाही. मेणबत्ती व अगरबत्ती यांच्या काजळीने चित्रे झाकली जातात, म्हणून वंदना अंगणात, उघड्यावर घ्यावी.

जाणाऱ्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात आणि उन्हाळ्यात दरी तापते. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. वृद्धांसाठी दुपारपूर्वीच चढून वर येणे सोयीचे. वडीगोद्रीच्या आजींनी मात्र परतताना सर्वांच्या मागून, सावकाश पायऱ्या चढल्या, आणि गाडीत बसल्यावर नातीच्या वहीत मितदेव, मगिल, दतक, दता ही चार नावे उतरवून घेतली.