एकच परीक्षा होईल तेव्हा होईल, फॉर्म भरणं थांबवू नका

सरकारी नोकरीसाठी आता एकच सीईटी होणार, मग वेगवेगळे फॉर्म कशाला भरायचे? बारावी झालेल्या, ग्रॅज्युएट झालेल्या मुलांचे पालक आम्हाला हे वारंवार विचारतात. त्यात आपल्याकडे सीईटी म्हटलं की इंजिनिअरिंग-फार्मसीची प्रवेश परीक्षाच डोळ्यासमोर येते, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. ही सीईटी ती नव्हे. ही नोकरभरतीची समान पात्रता परीक्षा.

19 ऑगस्ट 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय भरती संस्था स्थापन करायला मंजुरी दिली. कर्मचारी निवड आयोग, रेल्वे भरती बोर्ड आणि बँकांची भरती करणारी आयबीपीएस, या तिघांच्या पहिल्या टप्प्याच्या परीक्षा एकत्र करून या संस्थेने घ्यायच्या, असं ठरलं. पदं कोणती, तर गट ब आणि गट क मधली, अराजपत्रित आणि तांत्रिक नसलेली. दहावी, बारावी आणि पदवी असे तीन स्तर. मिळालेले गुण तीन वर्षं चालणार, वयोमर्यादेत कितीही वेळा बसता येणार आणि त्यातले सर्वात चांगले गुण धरले जाणार.

आपल्या घरांच्या दृष्टीने यातली सर्वात मोलाची गोष्ट होती प्रत्येक जिल्ह्यात परीक्षा केंद्र. मुलगी हुशार असते, फॉर्मही भरलेला असतो, पण केंद्र येतं दोनशे किलोमीटरवर आणि वेळ सकाळी साडेसातची. सोबत अब्बा जाणार तर त्यांची दोन दिवसांची मजुरी बुडणार, मुक्काम कुठे करायचा हा प्रश्न वेगळाच. मग घरात ठरतं, राहू दे, पुढच्या वेळी बघू. अशा किती तरी मुलींची हॉल तिकिटं नुसती कपाटात पडून राहिली आहेत. अभ्यासात कमी पडून नव्हे, प्रवासात अडकून त्या मागे राहिल्या. म्हणून ही योजना आम्हाला मनापासून पटली होती.

पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, ही फक्त चाळणी आहे. तिचे गुण मिळाले म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. पुढचे टप्पे त्या त्या खात्याचेच राहणार होते. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा तर यात नाहीच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 2024 संपेपर्यंत केंद्राची अशी एकही परीक्षा झालेली नव्हती. हरियाणा आणि राजस्थानने आपापल्या राज्याची सीईटी घेतली, ती वेगळी. केंद्राच्या जुन्या परीक्षा आपापल्या जागी चालूच राहिल्या. कर्मचारी निवड आयोगाच्या एमटीएस परीक्षेत बहुतेक पदांना वय 18 ते 25. सीईटीची वाट बघत दोन-तीन वर्षं गेली तर ती कोणी परत देत नाही.

खर्चाची भीती बऱ्याचदा ऐकीव असते. या आयोगाचं, म्हणजे एसएससीचं (दहावीच्या बोर्डाचा इथे काही संबंध नाही), परीक्षा शुल्क 100 रुपये आहे आणि मुलींना तेही माफ. रेल्वेत साधारण उमेदवाराला 500 रुपये भरावे लागतात. अल्पसंख्याक उमेदवाराला 250, आणि पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला बसल्यावर बँकेचं शुल्क कापून ते परत मिळतात. ही सवलत आपल्या किती तरी मुलांना माहीतच नसते, ते सरळ 500 भरून मोकळे होतात. अल्पसंख्याक असल्याचं प्रतिज्ञापत्र कागदपत्र तपासणीच्या वेळी मागतात, ते तयार ठेवावं. राज्यातली गोष्ट मात्र वेगळी. 2023 च्या तलाठी भरतीत खुल्या गटाला 1000 आणि राखीव गटाला 900 रुपये मोजावे लागले.

भाषेचं म्हणाल तर एमटीएसचा पेपर 2023 पासून मराठीत आणि उर्दूतही देता येतो. उर्दू माध्यमाच्या मुलांनी तरी मराठी सोडू नये. तलाठीच्या 100 प्रश्नांत 25 मराठीचे होते आणि तिथे भले भले घसरले. गणिताचे शब्दही दोन्हीकडचे माहीत हवेत. वर्गात जे ‘औसत’ ते इथे ‘सरासरी’; गणित येत असून शब्दापाशी अडणारी मुलं आम्ही पाहिली आहेत.

आता कागदपत्रं. मार्कशीटवर ‘शेख’ आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं, हे आपल्या घराघरात आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर जसं नाव आहे तसंच बाकी सगळीकडे करून घ्या, आणि तेही जाहिरात यायच्या आधी. ओबीसी असाल तर केंद्राची यादी वेगळी आहे. आपली बिरादरी तिच्यात आहे का ते बघा आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरसह काढा. राज्याचा दाखला तिथे चालत नाही. कोणत्याच आरक्षणात बसत नसाल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएसचा दाखला मिळू शकतो. शेती आणि घराच्याही अटी आहेत, त्या सेतू केंद्रात विचारून घ्या. हा दाखला दर आर्थिक वर्षी नवा लागतो, त्यामुळे एप्रिल उजाडला की अर्ज करावा. शेवटच्या आठवड्यात सेतूवर रांग असते आणि सर्व्हरही नेमका तेव्हाच बसतो.